वकिलापासून काय लपवावे?

वैद्यापासून रोग लपवू नये, असे आपण म्हणतो. अमेरिकेतील जोडीदाराकडे कायमचे राहावयास जाणाऱ्याने वकिलाच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवावे.

तेथील नागरिक प्रथम आय-१३० हा अर्ज करून विवाहाचे नाते सिद्ध करतो. पुढे आय-८६४ या प्रतिज्ञापत्राने जोडीदाराच्या पोषणाची हमी देतो. आणि अखेरीस भारतातील जोडीदाराची अमेरिकी वकिलातीत मुलाखत होते. नुसत्या विवाहाच्या दाखल्याने भागत नाही. भेटीगाठींचे, पत्रव्यवहाराचे, सहजीवनाचे पुरावे लागतात.

वकील हे कागद क्रमाने लावतो, त्यांतील उणिवा दाखवतो. परंतु नसलेला पुरावा तो निर्माण करू शकत नाही, आणि मुलाखतीत उत्तरे ज्याची त्यालाच द्यावी लागतात. म्हणून पहिल्याच भेटीत मागील विवाह, पूर्वी नाकारला गेलेला व्हिसा, मुदतीबाहेर झालेला मुक्काम, हे सारे त्यास सांगावे. सध्याच्या विवाहापूर्वी रीतसर झालेला घटस्फोट ही अडचण नव्हे. त्याचा हुकूमनामा जोडावा. मात्र एखादी महत्त्वाची गोष्ट लबाडीने दडवली आणि ती उघडकीस आली, तर प्रवेशास जन्मभराची बंदी येऊ शकते.

शिवाय, १९८६ च्या कायद्यानुसार, विवाहास दोन वर्षे पूर्ण होण्याआधी प्रवेश मिळालेल्याचे वास्तव्य दोन वर्षांपुरते व सशर्त असते. त्या मुदतीच्या अखेरच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज करून विवाह खराच होता, हे पुन्हा दाखवावे लागते. पहिली हकीकत खरी असेल, तर दुसऱ्या वेळी तीच निर्धास्तपणे सांगता येते.