पोरांचा खेळ, घरच्यांचा घोर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं, पण गावाचं शहर होणं त्याआधीच सुरू झालं होतं. द्राक्षबागा आणि उसाच्या फडांशेजारी सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग तासावर मिळणारे टर्फ आले, ॲकॅडम्या आल्या. संध्याकाळी नेटबाहेर पालक ताटकळत बसतात. फी, बूट, किट, रिक्षा असा खर्चाचा हिशेब डोक्यात चालू असतो आणि गप्पांतून काही समजुती पक्क्या होत जातात. त्यातल्या पाच इथे तपासून पाहू.

गैरसमज 1: सहाव्या-सातव्या वर्षी एकच खेळ धरला नाही, तर गाडी सुटली

वस्तुस्थिती: जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लवकर सुरू करावे लागतात. बाकी बहुतेक खेळांत तशी घाई नसते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. सियाचीनला पोस्टिंग झालं आणि शर्यतींकडे तो 2015 च्या सुमारास वळला. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2009 मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तेव्हा चौदाच्या आसपास होता. आधी अंगमेहनत आणि मग नेमबाजीची निवड, असा त्याचा क्रम होता. 2024 मध्ये पॅरिसला कांस्य जिंकताना त्याचं वय 28 होतं. मांजरीपासून फार लांब नसलेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधल्या स्टेडियमला नीरज चोप्राचं नाव आहे. त्यालाही घरच्यांनी मैदानावर पाठवलं होतं ते वजन उतरावं म्हणून. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सांगते की पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत मुलांनी वेगवेगळे खेळ खेळावेत. त्याने दुखापती कमी होतात आणि कंटाळाही उशिरा येतो.

गैरसमज 2: दुखतंय म्हणजे अंग तयार होतंय

वस्तुस्थिती: नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग आंबणं वेगळं आणि एकाच जागी रोज ठणका लागणं वेगळं. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो. सतत एकच हालचाल केली की आधी तोच दुखावतो. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची टाच दुखणं, गुडघ्याखाली उंचवटा येऊन तो हुळहुळा होणं, ही याचीच रूपं. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या पोरांच्या कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाऊ शकते. म्हणूनच इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने छोट्या गोलंदाजांना वयानुसार षटकांची मर्यादा घालून दिली आहे.

हिशेब सोपा आहे. मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्याला जास्तीत जास्त तितकेच तास शिस्तबद्ध सराव. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. सकाळी ॲकॅडमी, दुपारी शाळेचा संघ आणि रात्री टर्फवर मॅच, असं चाललं असेल तर तिन्हींची बेरीज करा. लंगडणं, सूज, रात्री झोपमोड करणारं दुखणं दिसलं की स्प्रे मारून मैदानात उतरवू नका, डॉक्टरांना दाखवा. मुलीची पाळी सरावामुळे थांबली, तर ती मेहनतीची पावती नव्हे. खाणं अपुरं पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्यात हाडंही कमकुवत होतात.

गैरसमज 3: लहानपणी चमकला, म्हणजे पुढे नक्की

वस्तुस्थिती: जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या. 1899 पासूनचा नाबाद 628 धावांचा विक्रम मोडला आणि जगभरचे कॅमेरे रिक्षाचालकाच्या घरी पोचले. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्या. 2017 मध्ये वडिलांनीच पत्र लिहून ती शिष्यवृत्ती थांबवायला सांगितली. पोराच्या अंगात कमतरता होती, असा याचा अर्थ नव्हे. वयात येताना उंची, ताकद, आवड सगळं बदलतं आणि त्यात अपेक्षांचं ओझं पडतं.

शिवाय लहान वयोगटात पुढे दिसणारं मूल पुष्कळदा नुसतं आधी वाढलेलं असतं. चौदा वर्षांखालच्या संघात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच रांगेत उभे राहतात. अंगापिंडाने मागे असलेल्या पोराला ‘जमणार नाही’ म्हणून बसवण्याची घाई त्यामुळेच चुकीची ठरते.

गैरसमज 4: सर ओरडले, हात उगारला, तरच पोरगं घडतं

वस्तुस्थिती: कडक शिस्त म्हणजे वेळेवर येणं आणि नियम पाळणं. मारणं, सगळ्यांदेखत पाणउतारा करणं, शरीरावरून बोलणं म्हणजे छळ. असं मूल चूक लपवतं, दुखणं लपवतं आणि शेवटी खेळ टाकतं. ॲकॅडमी निवडताना पालकांना सराव बघू देतात का, प्रथमोपचाराची सोय आहे का आणि बाहेरगावी मुलींसोबत महिला प्रशिक्षक जाते का, हे विचारा. लैंगिक छळाचा संशय आला तर ‘ॲकॅडमीचं नाव खराब होईल’ म्हणून गप्प बसू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याची खबर देणं बंधनकारक आहे. मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे.

घरच्यांचा ओरडाही यातच आला. मॅच संपते, मुलगा किटबॅग पायांत धरून स्कूटरवर बसतो आणि मांजरी फाटा यायच्या आत ‘तो शॉट कशाला मारलास?’ सुरू होतं. त्या वेळी तो दमलेला असतो, चूक त्याला ठाऊक असते. त्या रस्त्यात ‘काय खायचं?’ एवढं विचारलं तरी पुरे. बाकीचं दुसऱ्या दिवशी, तेही त्याने विषय काढला तर.

गैरसमज 5: मध्येच सोडलं, तर फी पाण्यात

वस्तुस्थिती: साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. मग धावायला लागली आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. खो-खोने दिलेली चपळाई काही वाया गेली नाही. एक खेळ सुटला तरी कमावलेला दम, तोल आणि संघात वागायची सवय मुलासोबत पुढे जाते.

काही घरं क्रीडा कोट्याकडे डोळे लावून मुलाला खेळात धरून ठेवतात. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे खरं, पण त्यासाठी ठरलेल्या स्पर्धांतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. टर्फवरच्या कुठल्याही ट्रॉफीला ते लागू नाही.

म्हणून नवी फी भरण्याआधी घरात एकदा स्पष्ट विचारा: तुला अजून खेळायचंय का? ‘नाही’ आलं तर महिनाभर सुट्टी द्या, मग पुन्हा विचारा. तेव्हाही ‘नाही’च आलं, तर ॲकॅडमीला तसं कळवून मोकळे व्हा. सोसायटीच्या आवारात लगोरी आणि सायकल चालू राहू द्या.