दोन मिलिमीटरचा फरक

फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधलं ‘पाइप फ्रिक्शन’चं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनीच केलंय. मॅनोमीटर बघायचा, रीडिंग घ्यायचं (किंवा मागच्या बॅचच्या जर्नलमधून ‘घ्यायचं’), सही मिळवायची आणि विसरून जायचं. पण ब्रिटनमध्ये खिडक्या धुणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस याच प्रॅक्टिकलवर अवलंबून असतो, असं सांगितलं तर?

तिकडे घरोघरच्या काचा बाहेरून धुणं हा रीतसर धंदा आहे. पूर्वी हे काम शिडीवर चढूनच व्हायचं. शिडी सरकली की माणूस खाली! २००५ साली तिथे उंचीवरच्या कामासाठी नियम आले. त्यांचं पहिलं सूत्र साधं आहे : वर चढणं टाळता येत असेल, तर टाळा. त्यामुळे लांब दांड्याच्या पद्धतीला जोर आला. गाडीत पाण्याची टाकी आणि १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, तिथून शंभरेक मीटर नळी, पुढे फायबरचा दांडा आणि टोकाला पाण्याची धार सोडणारा ब्रश. पाणी आर.ओ. आणि रेझिनमधून काढलेलं, म्हणजे क्षार जवळजवळ शून्य. त्यामुळे काच फडक्याने पुसावी लागत नाही. पाणी वाळलं तरी डाग राहत नाही. आणि माणूस जमिनीवरच!

आता खरी गोम नळीत आहे. बाजारात मुख्यतः दोन मापं मिळतात, आतला व्यास ६ मि.मी. किंवा ८ मि.मी. दिसायला फरक किरकोळ. पण गणित करून बघा. समजा ब्रशला मिनिटाला २ लिटर पाणी हवंय. ६ मि.मी. नळीत वेग येतो सुमारे १.२ मीटर प्रतिसेकंद, रेनॉल्ड्स नंबर ७००० च्या आसपास, म्हणजे प्रवाह टर्ब्युलंट. ब्लासियसचं सूत्र लावलं तर १०० मीटरमध्ये घर्षणातच सुमारे ४ बार दाब जातो. ८ मि.मी. नळीत तेवढ्याच पाण्याला लागतो फक्त १ बार! कारण हा दाब व्यासाच्या जवळजवळ पावणेपाचव्या घाताने बदलतो. दोन मिलिमीटरला चौपट शिक्षा.

यात उंचीचा हिशेब धरा. १० मीटर वर पाणी चढवायला साधारण १ बार. शिवाय दांड्यातली बारीक नळी, जोड आणि जेट आहेतच. या पंपांचा प्रेशर स्विच सहसा १०० पी.एस.आय.ला, म्हणजे ६.९ बारला, पंप बंद करतो. बारीक नळीत २ लिटरला कसंबसं भागतं. ३ लिटर हवे म्हणाल, तर एकट्या नळीलाच ८ बार लागतील. तिथे पंप पोचतच नाही. आणखी एक गोष्ट : पंपाच्या लेबलवरचा लिटरचा आकडा हा दाब नसतानाचा असतो. दाब वाढला की डायफ्रॅम पंपाचं पाणी कमी होतं.

मग सरळ ८ मि.मी. का घेऊ नये? कारण नळी ओढायची कुणी? ६ मि.मी.च्या १०० मीटर नळीत २.८ लिटर पाणी मावतं, ८ मि.मी.मध्ये ५ लिटर. नळीचं स्वतःचं वजन वेगळंच, आणि रीळही मोठं. दिवसभर बागांच्या कोपऱ्यांवरून ते ओढताना खांदे बोलू लागतात. म्हणून नळी उगाच लांब घेऊ नये. घरं ६० मीटरच्या आत असतील तर ६० मीटरच पुरे, कारण उरलेली नळी रिळावर गुंडाळलेली असली तरी पाणी तिच्यातूनच फिरून येतं आणि दाब खातंच.

आता कंट्रोलर. हा डबा पंपाचा जोर वाढवत नाही. मोटरचा करंट भराभर चालू-बंद करून (आपलं पी.डब्ल्यू.एम.!) तो वेग कमी करतो. पाणी वाचतं, बॅटरी वाचते. ६ मि.मी. नळीत २ लिटरवरून दीड लिटरवर आलात, तर घर्षणाचा दाब ४ बारवरून २.४ बारवर येतो.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. माणसाने ब्रशकडचा कॉक बंद केला की दाब चढतो आणि मोटर जास्त करंट ओढते. ते ओळखून कंट्रोलर पंप थांबवतो. पण नळी बारीक आणि प्रवाह जास्त असेल, तर कॉक उघडा असतानाही त्याला तो बंदच वाटतो आणि पंप मधेच थांबतो. अशा वेळी बरेच जण सेटिंग बोथट करून ठेवतात. मग कॉक खरोखर बंद केला तरी पंप रेटत राहतो आणि कधीतरी एखादा जोड सुटतो. खरा उपाय म्हणजे प्रवाह कमी करणं. हिवाळ्यात तर सेटिंग नव्याने करावंच लागतं. ५ अंशाचं पाणी २० अंशाच्या पाण्यापेक्षा दीडपट चिकट असतं, त्यामुळे घर्षण दहाएक टक्क्यांनी वाढतं.

थोडक्यात क्रम असा : आधी किती पाणी हवं ते ठरवा, मग नळीची लांबी, मग व्यास, मग पंप आणि शेवटी कंट्रोलर. आपण नेमके उलट जातो. पाणी येत नाही म्हटलं की पहिली मागणी मोठ्या पंपाची! पुढच्या वेळी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये करंगळीएवढी धार दिसली, तर पंपाला शिव्या घालण्याआधी पाइपचा व्यास विचारा. आणि हो, ते रीडिंग एकदा स्वतः घेऊन बघा.