कानाला न मिळणारी सुटका

पेटीवर षड्ज आणि कोमल रिषभ एकदम दाबून धरा. दोन्ही स्वर एकमेकांना घासत थरथरतात, कान सुटका मागतो. इटालियन रहस्यपटांचं संगीत ती सुटका लांबवत राहतं. दिग्दर्शक दारिओ अर्जेन्तोच्या पहिल्याच चित्रपटात, 'द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज'मध्ये (१९७०), संगीतकार एन्निओ मोरिकोने यांनी अंगाईसारख्या गोड गुणगुणण्याशेजारी असे विसंवादी, ठेका नसलेले आवाज ठेवले. मला त्या अंगाईचीच जास्त भीती वाटते. विसंवादी आवाज मोरिकोने यांना नवे नव्हते; रोममध्ये १९६४ साली सुरू झालेल्या प्रायोगिक वादकांच्या गटात ते ट्रम्पेट वाजवत. तिथे आयत्या वेळी सुचेल तेच वाजायचं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे धावणाऱ्या लोकलमध्ये मात्र हे चित्रपटसंगीत ऐकू नका. खडखडाटात त्यातले बारीक श्वास बुडून जातात. घरी, रात्री, दिवे मालवून ऐका.