स्कोअर म्हणजे खाच

रिझल्ट लागला की हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "स्कोअर किती?" रोज तोंडात असलेला हा शब्द आला कुठून ते एकदा डिक्शनरीत पाहिलं, तर मार्कांशी त्याचा मुळात काही संबंधच नाही!

जुन्या नॉर्स भाषेत 'स्कोर' म्हणजे खाच. मेंढ्या मोजताना वीस झाल्या की काठीवर एक खाच पाडायची, अशा पद्धतीमुळे त्या खाचेलाच वीस हा अर्थ चिकटला, असं मानतात. आपल्याकडे कोडी म्हणजे वीस, आणि 'तीन विसा' म्हणजे साठ, त्यातलाच प्रकार. पुढे दारूच्या गुत्त्यात गिऱ्हाइकाची उधारी अशाच रेघांनी मांडायचे, म्हणून स्कोअर म्हणजे देणं. अठराव्या शतकातल्या क्रिकेटमध्येही रन काठीवर खाचा पाडून मोजत. आपले मेकॅनिकलवाले अजून मूळ अर्थाला धरून आहेत. पिस्टनवर ओरखडे पडले की त्याला ते स्कोअरिंग म्हणतात. तिथे स्कोअर वाढला की इंजिन कामातून गेलं!

मला सगळ्यात आवडली ती इंग्लंडच्या सरकारी खजिन्याची पद्धत. काठीवर हजार पौंडांना तळहाताएवढी जाड खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी. मग काठी उभी चिरायची आणि एकेक भाग दोघांनी ठेवायचा. कोणी नंतर गुपचूप एक खाच वाढवली तर दोन भाग जुळणारच नाहीत. कॉम्प्युटरवाल्यांनी याला बॅकअप म्हणावं की पासवर्ड, ते त्यांनी ठरवावं. १८३४ साली या जुन्या काठ्या भट्टीत जाळताना आग भडकली आणि लंडनचं पार्लमेंटच जळालं.

आपल्या परीक्षेत मात्र काठीचा एकच भाग असायचा, तोही त्यांच्याकडे. आपल्या हातात नुसता आकडा. ऑगस्ट २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, तिची प्रतही मागता येते. म्हणजे दुसरा भाग आता आपल्यालाही मिळू शकतो. तरी केटी लागली की बरेच जण नशिबाला शिव्या घालून पुढच्या फॉर्मच्या रांगेत उभे राहतात. आमच्या विंगमधल्या एकाने प्रत मागवली, तर आतल्या पानावरचे पाच मार्क बेरजेत धरलेच नव्हते. त्याला तीनच कमी पडत होते.