रुक्मिणीचा रथ आणि आपल्या मनातला रथ

अमरावतीच्या अंबादेवीसमोर हात जोडणाऱ्या वऱ्हाडकराला रुक्मिणीहरणाची कथा कोणी सांगावी लागत नाही. कौंडण्यपूरची राजकन्या याच देवीच्या पूजेला आली आणि येथूनच श्रीकृष्णाच्या रथात चढली, ही या मुलखाची पिढीजात श्रद्धा आहे. त्या श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते रथाविषयी. कारण रथ म्हटला की जे शिखर, कळस, छत्र आणि मखमली आसन डोळ्यांपुढे उभे राहते, ते रथोत्सवातील देवाच्या रथाचे आणि भिंतीवरच्या तसबिरींचे देणे आहे, युद्धरथाचे नव्हे.

युद्धरथाचे सारे मर्म हलकेपणात होते. मेसोपोटेमियात ख्रिस्तपूर्व 2500 च्या सुमारास भरीव चाकांचे जड गाडे रणांगणावर दिसतात खरे. परंतु ख्रिस्तपूर्व 2000 च्या आसपास युरेशियाच्या गवताळ प्रदेशात आऱ्यांचे चाक घडू लागले, तेव्हाच घोड्याच्या वेगाला साजेसे वाहन माणसाच्या हाती आले. इजिप्तमध्ये 1922 साली उघडकीस आलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात सहा रथ होते. त्यांची घडण वाकविलेल्या लाकडाची, चाके दोनच, आणि सारथी व धनुर्धर या दोघांनीही उभे राहावयाचे. असे चाक घडविणाऱ्याचा हुन्नर आपल्याकडेही अव्वल दर्जाचा मानला जात असे; वैदिक यज्ञविधीत रथकाराला वर्षाऋतूत अग्न्याधान करण्याचा अधिकार दिलेला आहे, ही गोष्ट सुताराला केवळ बलुतेदार समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

रथ म्हणजे घोड्यांचाच, हाही समज तपासून पाहण्याजोगा आहे. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे 1974 साली कांस्याच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्यासोबत त्यांत जो रथ आहे, त्याला दोन बैल जुंपलेले असून हाकणारा माणूस उभा आहे. महाराष्ट्राच्या भूमीतून निघालेला हा सर्वांत विख्यात रथ घोड्याचा नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिलावर्तुळांत मात्र घोड्यांचे सांगाडे आणि त्यांच्या मुखावरील तांब्याचे अलंकार मिळाले आहेत. तेव्हा लोहयुगातील विदर्भाला घोड्याचा सराव होता, यात शंका नाही.

सारथी म्हणजे लगाम धरणारा चाकर, हा समज तर विदर्भात तरी टिकू नये. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरी राहतो आणि अयोध्येहून विदर्भातल्या कुंडिनपुरापर्यंतचा मार्ग एका दिवसात तोडतो. अंतराच्या हिशेबाने ही कविकल्पना आहे. परंतु कवीने नोंदविलेले बारकावे एखाद्या जाणत्याचे आहेत. बाहुक दिसायला धष्टपुष्ट घोडे निवडत नाही. तो लक्षणे पाहून कृश, पण दमदार घोडे घेतो, आणि राजा त्यावर आधी नाराज होतो. वाटेत राजाचे उत्तरीय पडते, आणि ते उचलण्याची आज्ञा होईपर्यंत रथ योजनभर पुढे गेलेला असतो. पुढे राजा आपली अक्षविद्या देऊन त्याची अश्वविद्या मागतो, म्हणजे सारथ्याची विद्या राजविद्येच्या तोलाची ठरते. आणि कुंडिनपुरात नलाची पत्नी दमयंती डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच रथाच्या घोषावरून त्याला ओळखते! हाकणाऱ्याच्या हाताचा चाकांच्या आवाजात उमटलेला असा ठसा ज्याच्या कानी आला, त्या कवीला मी मनोमन नमस्कार करतो.

रथ शत्रूच्या फळीवर धडकून ती चिरडीत असे, हा समज चित्रपटांनी बळकट केला आहे. हलक्या रथाचा मुख्य उपयोग धनुर्धराला वेगाने हलविण्याचा होता. समोरासमोरच्या धडकेत पहिला बळी त्याच्याच घोड्यांचा गेला असता. शिवाय रथाला जमीन अनुकूल लागे. कौटिल्य रथयुद्धासाठी सपाट आणि टणक भूमी सांगतो, ते उगीच नव्हे. ख्रिस्तपूर्व 326 मध्ये झेलमकाठी सिकंदराशी झालेल्या लढाईत पोरस राजाचे रथ पावसाने झालेल्या चिखलात निकामी झाले, असे ग्रीक-रोमन इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. अकोला-मूर्तिजापूरकडच्या काळ्या कपाशीच्या रानातून मृगाच्या पावसानंतर एकदा गाडी काढून पाहावी, म्हणजे कर्णाच्या चाकाचे दुःख पुराण राहत नाही. पुढे घोडदळ आले, त्याला चाकच नव्हते. रथ रणांगणावरून उठला आणि मिरवणुकीत व देवळात जाऊन बसला.

वऱ्हाडच्या सुताराच्या तोंडी मात्र त्याचे अवयव राहिले : अर म्हणजे आरा, युग म्हणजे जू, अक्ष म्हणजे आख. आणि तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, दोन चाकांचा हलका छकडा धावतो, तेव्हा पटाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले जाणते लोक बैलजोडीच्या मालकाआधी ती हाकणाऱ्या धुरकऱ्याचे नाव विचारतात.