कॅथलिक, पण सरकारी: जर्मनीतील पहिलीच्या वर्गाचे एक कोडे

दर शरद ऋतूत ड्युसेलडॉर्फ, कोलोन, बॉन या पट्ट्यातील मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो. पुढच्या उन्हाळ्यानंतर पहिलीत जाणाऱ्या मुलाची शाळेतील नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करायची असते. घराजवळची शाळा उत्तम, चालत पाच मिनिटांवर. मात्र तिच्या नावाआधी ‘का-गे-एस’ ही तीन अक्षरे असतात. ‘काथोलिशे ग्रुंडशूले’, म्हणजे कॅथलिक प्राथमिक शाळा.

मुंबई-पुण्यात वाढलेल्या पालकाला हे वाचून कॉन्व्हेंट आठवते: खासगी संस्था, फी, शिस्त, आणि कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला गेली की बाकीच्यांसाठी नीतिशिक्षणाचा तास. इथे यातले जवळपास काहीच लागू पडत नाही. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यातील या शाळा सरकारी आहेत. इमारत नगरपालिकेची, शिक्षकांचा पगार राज्य सरकारचा, फी शून्य. चर्च त्यांचे मालक नाही आणि चालकही नाही. तरीही राज्यघटनेनुसार तेथील शिक्षण व संस्कार कॅथलिक धर्मतत्त्वांवर आधारलेले असतात. राज्यातील सुमारे एक तृतीयांश प्राथमिक शाळा अशा पंथनिष्ठ आहेत. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक, थोड्या प्रोटेस्टंट. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत हा प्रकार उरलेला नाही. नीडरझाक्सनमध्ये काही शाळा आहेत, पण एवढे प्रमाण कुठेच नाही.

हे घडले कसे? १९६८ मध्ये राज्याने जुन्या लोकशाळा मोडून प्राथमिक व माध्यमिक असे दोन भाग केले. त्याआधी पंथनिहाय शाळा हीच येथली रीत होती. वरच्या वर्गांच्या नव्या शाळा सर्वधर्मीय झाल्या. प्राथमिक शाळांचे स्वरूप मात्र पालकांच्या इच्छेवर सोडले गेले. ज्या गावाने बदल मागितला नाही, तिथे पाटी तशीच राहिली.

पहिलीच्या वर्गात प्रत्यक्ष काय चालते, हे पाहिले की पाटीची भीती बरीचशी ओसरते. पहिल्या दिवशी मूल स्वतःच्या उंचीच्या निम्म्याएवढा रंगीत कागदी शंकू, ‘शूलट्यूटे’, कवटाळून येते. त्यात खाऊ, पेन्सिली, एखादे खेळणे. चर्चमधील प्रार्थनासेवा त्या दिवसाचा भाग असते, पण ती कित्येक सर्वधर्मीय शाळांतही असते. पुढे वर्षभर एकच वर्गशिक्षिका भाषा, गणित आणि परिसर अभ्यास शिकवते, आणि शक्यतो तीच चौथीपर्यंत सोबत राहते. अक्षरओळख चित्रांच्या तक्त्यावरून होते: शब्दाचा पहिला ध्वनी ऐकायचा, चित्र शोधायचे, अक्षर लिहायचे. गणित वीसपर्यंतच्या संख्यांचे. (मराठी मुलांना पुढे एक अनपेक्षित फायदा मिळतो. जर्मनमध्येही एकवीस म्हणताना आधी एक येतो, मग वीस. इंग्रजी माध्यमातून आलेली मुले इथे अडखळतात.) गुण नसतात, वर्षअखेर वर्णनात्मक प्रगतिपुस्तक मिळते. गृहपाठ दिवसाला अर्ध्या तासापलीकडे जाऊ नये, असा नियम आहे. पहिली-दुसरी मिळून एकच टप्पा मानतात. एखादे मूल तो एका वर्षात संपवते, एखादे तीन वर्षांत, आणि त्याला कुणी नापास म्हणत नाही.

धर्माचे तास आठवड्याला साधारण दोन. ते घेणाऱ्या शिक्षिकेला राज्याच्या पात्रतेखेरीज बिशपची अनुमतीही लागते. शाळेतील इतर शिक्षकही शक्यतो त्याच पंथाचे असावेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. शिक्षक मिळेनासे झाल्यावर २०१५ मध्ये ती सैल करण्यात आली. मुख्याध्यापक मात्र तेव्हाही कॅथलिकच हवा होता. काही शहरी शाळांत कॅथलिक मुले निम्म्याहून कमी आहेत, आणि मुख्याध्यापकाची खुर्ची योग्य पंथाचा उमेदवार न मिळाल्याने रिकामी राहत असे. ही विसंगती मला दिवसेंदिवस टिकण्याजोगी वाटत नाही.

पालकांसाठी खरी मेख प्रवेशअर्जात आहे. जर्मन घटनेच्या सातव्या कलमानुसार मुलाने धर्माच्या तासाला बसावे की नाही, हे पालक ठरवतात. चौदाव्या वर्षापासून ते मूल स्वतः ठरवते. सर्वधर्मीय शाळेत पालकांनी लेखी कळवले की सूट मिळते. पंथनिष्ठ शाळेत मात्र अन्यधर्मीय पालकांकडून प्रवेशाच्या वेळीच लेखी घेतले जाते की मुलाला त्या पंथाच्या तत्त्वांनुसार शिक्षण मिळावे, ही आमची इच्छा आहे. पाडरबोर्नमधील एका मुस्लिम कुटुंबाने धर्मतासाला व प्रार्थनासेवेला संमती देण्याचे नाकारले, तेव्हा शाळेने प्रवेश नाकारला. २०१३ मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने शाळेचीच बाजू उचलून धरली. युक्तिवाद असा, की शेजारी दुसरी शाळा उपलब्ध असताना ही शाळा निवडणे ऐच्छिक आहे. निवडली, तर तिचे स्वरूपही स्वीकारावे लागेल. त्या गावात दुसरी अनुरूप शाळाच नसेल, तर धर्माच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हेही राज्यघटनेत नमूद आहे.

भारतीय घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाशी हे ताडून पाहावे. तिथे पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. अनुदानित संस्थेत ते पालकांच्या संमतीविना सक्तीचे करता येत नाही. जर्मनीत उलट, धर्म हा सरकारी शाळेतील नियमित विषय आहे. आपल्याला जी गोष्ट अपवाद वाटते, ती इथे नियम आहे. म्हणूनच ‘सगळे करतात, आपणही करू’ म्हणून केलेली सही पुढे चार वर्षे बांधून ठेवते.

अनेक मराठी पालक ती सही विचारपूर्वक करतात, आणि त्यात गैर काही नाही. सेंट मार्टिनच्या दिवशी कंदील घेऊन निघणारी मिरवणूक मुलांना दिवाळीच्या आकाशकंदिलांइतकीच प्रिय होते. ज्यांना ती मान्य नाही, त्यांनी अर्ज भरण्याआधी मुख्याध्यापकांना दोन गोष्टी थेट विचाराव्यात: जागा कमी पडल्या तर कॅथलिक मुलांना प्राधान्य आहे का, आणि प्रार्थनासेवेच्या वेळी इतर मुले कुठे असतात. उत्तरे शाळेगणिक बदलतात.

शाळेचे स्वरूप बदलण्याचा मार्गही खुला आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर एक दशांश विद्यार्थ्यांच्या पालकांनी अर्ज केला की गुप्त मतदान होते, आणि निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांच्या पालकांनी कौल दिला की शाळा सर्वधर्मीय होते. पूर्वी यासाठी दोन तृतीयांश मते लागत. हे मत पालक म्हणून असते, त्यासाठी जर्मन पारपत्र लागत नाही.