शिंगरांचे पोषण
घोडीच्या पिलास शिंगरू म्हणतात. जन्मल्यापासून ६ तासांच्या आत त्यास चीक मिळावा लागतो. २४ तासांनंतर चिकातील प्रतिपिंडे आतड्यातून शोषली जात नाहीत. शिंगरू साधारणतः ४ ते ६ महिन्यांचे झाल्यावर तोडतात. तत्पूर्वीच त्यास चारा व थोडी चंदी खाण्याची सवय लावतात. चंदीत १४ ते १६ टक्के प्रथिने असावीत. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसाच्या दीडपट ते दुप्पट असावे. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार असल्याने केवळ कोंड्यावर पोसल्यास हाडे कमकुवत होतात. लसूणघासात कॅल्शियम विपुल असते. अतिरिक्त चंदीने वजन झपाट्याने वाढते, पण सांध्यांतील कूर्चा व हाडे सदोष घडतात. भीमा खोऱ्यात धनगरांच्या कळपांबरोबर भीमथडी तट्टांची शिंगरे आईमागे चरत हिंडतात. अशी हालचाल हाडे बळकट करते. शिंगरू लठ्ठ नव्हे, तर एकसारखे वाढणारे असावे.